साठ हजारांतला एक

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर बर्लिंग्टन हाउस नावाची भव्य वास्तू आहे. रॉयल अकॅडमी ऑफ आर्ट्स ही कलासंस्था तिथेच. तिच्या प्रवेशकमानीखाली दोन बाजूंना दोन लाल टेलिफोन बूथ उभे आहेत. पर्यटक त्यातल्या कुठल्यातरी एकाशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि प्रदर्शन बघायला आत जातात. दिसायला दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात एक बिडाचा आहे आणि दुसरा लाकडाचा. हा लाकडी बूथ म्हणजे १९२४ साली एका स्पर्धेसाठी करून घेतलेला मूळ नमुना. इंग्लंडच्या वारसा यादीत त्याला ‘ग्रेड २ तारांकित’ असा दर्जा आहे. नुसत्या ग्रेड २ पेक्षा एक पायरी वरचा, अनेक जुन्या चर्चना आणि सरदारांच्या वाड्यांनाही न मिळालेला.

लाकडी नमुना एकच आहे, त्यामुळे तो जपला यात नवल नाही. खरा प्रश्न बिडाच्या बूथचा आहे. देऊळ, किल्ला, वाडा यांना वारसा म्हणायला कोणाला अडचण येत नाही, कारण प्रत्येकाची घडण निराळी असते. टेलिफोन बूथ फाउंड्रीत साच्यातून ओतला जाई. सर्वांत प्रसिद्ध प्रकाराचे तर साठ हजारांच्या आसपास बूथ ब्रिटनभर उभे राहिले, सगळे एकाच आराखड्याचे. मग त्यातला अमुकच बूथ कायद्याने का राखायचा? ब्रिटनने या प्रश्नाचे जे उत्तर काढले, त्यासाठी ही सगळी कहाणी मला सांगावीशी वाटते.

ब्रिटनमध्ये टेलिफोन टपाल खात्याच्या ताब्यात होता. आपल्याकडेही टपाल आणि तार ही एकाच खात्याची कामे होती. या खात्याने १९२१ च्या सुमारास देशभरासाठी एक प्रमाणित बूथ काढला. तो काँक्रीटचा होता आणि त्याचे नाव ‘के-१’. तो कोणालाच फारसा आवडला नाही. ईस्टबोर्न या समुद्रकाठच्या गावाच्या नगरपालिकेने तर किनाऱ्यावरच्या बूथवर गवताने शाकारलेले छप्पर हवे असा आग्रह धरला आणि तो मान्यही करून घेतला. लंडनच्या पालिका त्याहून कडक निघाल्या. असला बूथ आमच्या रस्त्यांवर नको, असेच त्यांचे म्हणणे होते. अखेर नव्याने स्थापन झालेल्या रॉयल फाइन आर्ट कमिशनच्या मध्यस्थीने १९२४ मध्ये स्पर्धा झाली. सर रॉबर्ट लॉरिमर, सर जॉन बर्नेट आणि सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या तीन नामवंत वास्तुकारांना आराखडे मागितले. रस्त्यावरची एक छोटीशी सोय कशी दिसावी, हे ठरवायला देशातले सर्वोत्तम वास्तुकार बोलवावेत असे त्या काळच्या सरकारी यंत्रणेला वाटले, याचे मला मनापासून कौतुक आहे. निवड स्कॉट यांच्या आराखड्याची झाली.

स्कॉट तेव्हा चाळिशीत होते. लिव्हरपूलच्या प्रचंड कॅथेड्रलची स्पर्धा त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी जिंकली होती आणि ते बांधकाम अजून चालूच होते. पुढे बॅटरसी वीज केंद्राला त्यांनी बाह्यरूप दिले. टेम्सकाठचे बँकसाइड वीज केंद्र हेही त्यांचेच. आज तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे. बूथसाठी त्यांनी सुचवले होते पोलाद. बाहेरून रुपेरी, आतून निळसर हिरवा. टपाल खात्याने आकार घेतला, बाकीचे बदलले. पोलादाऐवजी बीड आणि रुपेरीऐवजी लाल. खात्याच्या टपालपेट्या १८७४ पासून लाल होत्याच, आणि रस्त्यावर दुरून चटकन दिसावे म्हणूनही तोच रंग सोयीचा होता. ज्या लाल रंगामुळे हा बूथ जगभर ओळखला जातो, तो स्कॉट यांच्या मनातला रंगच नव्हता.

आकाराचे मूळ मात्र एका थडग्यात आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सर जॉन सोन हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले मोठे वास्तुकार. १८१५ साली त्यांची पत्नी गेली, तेव्हा सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चच्या आवारात त्यांनी तिच्यासाठी समाधी बांधली. पुढे सोन यांचेही दफन तिथेच झाले. या समाधीचे छत्र पाहिले की लाल बूथ आठवल्याशिवाय राहत नाही. चार बाजूंना चार उथळ कमानी आणि त्यांच्यावर टेकलेला बसका घुमट. स्कॉट हे सोन यांच्या नावाच्या संग्रहालयाचे विश्वस्त होते, त्यामुळे हे काम त्यांच्या नजरेखालचे असणार. अशा घुमटावर पावसाचे पाणी साचत नाही आणि चारही बाजूंना फलकासाठी आपोआप जागा मिळते. दुःखात बांधलेल्या समाधीतली रेषा शंभरेक वर्षांनी रस्त्यावरच्या बूथमध्ये इतकी चपखल बसावी, याला वास्तुकलेची जाण लागते.

त्या समाधीपासून थोडे चालत गेले की सेंट पँक्रस स्थानकावरचे मिडलँड ग्रँड हॉटेल लागते. लाल विटांचे, मनोऱ्यांनी भरलेले. ते बांधले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. हे जाइल्स यांचे आजोबा. मुंबईकरांचा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे, बहुतेकांना त्याची कल्पना नसते इतकेच. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालयाची इमारत यांचे आराखडे याच आजोबांचे. ते स्वतः मुंबईला कधी आले नाहीत, आराखडे लंडनहून पाठवले. मनोऱ्यासाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी आणि त्याला नाव मिळाले त्यांच्या आईचे. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीचा हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आजोबांचा मनोरा ओव्हलवर आणि नातवाचा बूथ इंग्लंडच्या खेड्यात, दोन्ही आज आपापल्या देशात कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत.

स्पर्धेतून आलेला ‘के-२’ १९२६ पासून लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागला. उंची सव्वानऊ फूट, वजन टनाहून जास्त. आपल्या घरातला डोशाचा तवा उचलताना बिडाचे वजन हाताला कळते, आणि तो आपटला तर वाकत नाही, थेट तडकतो. बूथचेही तसेच. बिडाचे स्वतंत्र पत्रे ओतून ते बोल्टने जोडत आणि काँक्रीटच्या बैठकीवर उभे करत. गंज लागला तरी बीड पोलादाच्या पातळ पत्र्यासारखे झरत नाही, म्हणून शंभर वर्षांनीही हे बूथ उभे आहेत. ‘के-२’ च्या माथ्यावर जो राजमुकुट आहे, त्याला बारीक भोके आहेत. नुसती शोभा नव्हे, आतली कोंदट हवा तिथून बाहेर पडते. राजचिन्हाला असे कामाला लावणे मला स्कॉट यांच्या सगळ्या आराखड्यातले सर्वांत सुंदर वाटते. पण हा बूथ महाग होता आणि अवजडही. सुमारे १७०० बनले, तेही मुख्यतः लंडनमध्ये.

खेड्यांसाठी स्वस्त पर्याय म्हणून स्कॉट यांनीच काँक्रीटचा ‘के-३’ केला, तो ऊनपावसात टिकला नाही. ‘के-४’ मध्ये टपाल खात्याच्या अभियंत्यांनी टपालपेटी आणि तिकिटे देणारी यंत्रेही बसवली. यंत्रांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना आणि दमट हवेत तिकिटे एकमेकांना चिकटू लागली. पन्नास बूथ करून तो प्रयोग थांबला.

मग आला १९३५. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली होती. त्या रौप्यमहोत्सवासाठी टपाल खात्याने स्कॉट यांच्याकडे पुन्हा काम सोपवले, आणि या खेपेस अट होती की बूथ देशात कुठेही उभारता यावा. ‘के-६’ हा तो बूथ, आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो हाच. उंची सव्वाआठ फूट, वजन पाऊण टनाच्या आसपास. ‘के-२’ वरच्या उभ्या पन्हळी नक्षीला फाटा दिला, मुकुटाची भोके जाऊन हवेसाठी फलकाखाली फट आली. तावदानांची मांडणीही बदलली. पूर्वी सहा रांगांत सारख्या चौकटी होत्या, आता आठ रांगा, मधली काच रुंद आणि कडेच्या दोन अरुंद. त्यामुळे आतला माणूस बाहेरून नीट दिसतो आणि आत उजेडही जास्त येतो. दार सागवानी. एखादी काच फुटली तर तेवढीच बदलायची, बाकीच्या पत्र्याला हात लावायचा नाही.

यातले बरेच बूथ स्कॉटलंडच्या फाउंड्र्यांत ओतले गेले. ग्लासगोची सॅरासेन, कर्किंटिलॉकची लायन आणि फॉल्कर्कजवळची कॅरन ही त्यांतली मोठी नावे. दुसऱ्या एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर मुकुटाचे चित्र बदलले. इंग्लंडमध्ये सेंट एडवर्डचा मुकुट आला, पण स्कॉटलंडला आपला स्वतःचा मुकुट हवा होता. म्हणून नव्या बूथच्या माथ्यावर मुकुटाच्या जागी खाच ठेवली आणि ज्या प्रदेशात बूथ जाणार तिथला मुकुट वेगळा ओतून तीत बसवू लागले. हे मुकुट मुळात लालच रंगवत. आज दिसतो तो सोनेरी रंग बराच नंतरचा. हल शहराची गोष्ट तर सगळ्यांहून वेगळी. तिथली टेलिफोनसेवा पालिकेची स्वतःची होती, म्हणून तिथले ‘के-६’ फिकट दुधी रंगाचे आहेत आणि त्यांच्यावर मुकुटच नाही.

खेड्यांनी या बूथचे स्वागत केले असे वाटेल, पण सुरुवातीला अनेक निसर्गरम्य गावांनी रंगावर हरकत घेतली. हिरव्या टेकडीच्या पायथ्याशी, दगडी घरांच्या शेजारी असला भडक लाल नको. टपाल खात्याने काही ठिकाणी माघार घेतली आणि बूथ राखाडी रंगवून फक्त तावदानांच्या पट्ट्या लाल ठेवल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच गावांनी आपले बूथ स्वतःहून लाल करून घेतले. नजरेला खुपणारी वस्तू पन्नास वर्षांत गावाची ओळख होऊन बसली.

कारण तोवर तो बूथ गावाच्या कामी आला होता. घरात टेलिफोन असणारी कुटुंबे मोजकीच होती. आत काळ्या रंगाची जड पेटी असे आणि तिच्यावर ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणे. पेनीची नाणी टाकायची, नंबर लावायचा, पलीकडून कोणी उचलले की ‘ए’ दाबायचे. नाणी खळकन आत पडत आणि तेव्हाच आपला आवाज पलीकडे पोहोचे. कोणी उचलले नाही तर ‘बी’ दाबायचे, पैसे परत. बूथपाशी खेळणारी मुले उगाचच ‘बी’ दाबून पाहत, कोणाची नाणी राहिली असली तर म्हणून. ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला, जगातला या प्रकारचा पहिला. त्यासाठी नाणे लागत नसे. रात्री शेजाऱ्याला छातीत कळ आली, कोठाराला आग लागली, प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की गावातले कोणीतरी या बूथकडे धावत सुटे.

१९८१ मध्ये टेलिफोनसेवा टपाल खात्यापासून तोडून ब्रिटिश टेलिकॉम ही स्वतंत्र संस्था झाली आणि तीन वर्षांनी तिचे खासगीकरण झाले. लाल बूथ पिवळे करण्याचा विचार पुढे आला तेव्हा वर्तमानपत्रांपासून संसदेपर्यंत ओरड झाली. पण रंगाहून मोठा घाव १९८५ मध्ये पडला. जुने बूथ काढून त्यांच्या जागी काच आणि स्टीलचे नवे बसवण्याची योजना कंपनीने जाहीर केली. कंपनीची बाजू अगदी पोकळ नव्हती. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस लाल बूथमध्ये शिरूच शकत नाही, दार म्हाताऱ्या हातांना जड जाते, आत घाण साचते आणि दुरुस्तीला पैसा लागतो. या तक्रारी खऱ्या होत्या. तरीही हजारो बूथ उपटले गेले, भंगारात किंवा लिलावात गेले, कोणाच्या बागेत तर कोणाच्या न्हाणीघरात उभे राहिले, हे वाचताना वाईट वाटते. नव्या बूथमध्ये चाकाच्या खुर्चीची सोय करायला जुना मोडायची गरज नव्हती, दोन्ही शेजारी उभे राहू शकले असते. लंडनच्या काही चौकांत ते तसे राहिलेही.

या मोडतोडीविरुद्ध थर्टीज सोसायटी उभी राहिली. विसाव्या शतकातल्या वास्तू जपण्यासाठी १९७९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आता ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटी या नावाने काम करते. वास्तुइतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प हे या लढ्यात अग्रभागी होते. त्यांनी टेलिफोन बूथवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. बूथ ही ‘इमारत’ आहे आणि म्हणून ती वारसा यादीत जायला हवी, हा त्यांचा युक्तिवाद सरकारने मानला. १९८६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला, पोपटांच्या घराजवळचा ‘के-३’ यादीत आला आणि वाट मोकळी झाली. आज ब्रिटनमध्ये दोन हजारांहून जास्त बूथ यादीत आहेत, बहुतेक ग्रेड २ मध्ये.

मुंबईकरांना ही ग्रेडची भाषा परकी नाही, १९९५ च्या वारसा नियमावलीने आपल्याकडेही इमारतींना ग्रेड दिले आहेत. इंग्लंडमध्ये यादीतल्या बूथचे रूप बदलायचे, तो हलवायचा किंवा पाडायचा तर स्थानिक नियोजन खात्याची खास परवानगी लागते. परवानगीवाचून तसे करणे हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नियमित रंग देणे, काच बदलणे यांना हरकत नाही, पण उद्या कोणी त्याला निळा रंग द्यायचा ठरवला तर ते चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साठ हजारांतला नेमका कोणता जपायचा? उरलेले ‘के-२’ थोडे आहेत, तेव्हा त्यांचे सोपे. ‘के-६’ साठी जो निकष ठरला तो असा: बूथ मूळ जागी असावा आणि यादीतल्या एकाहून अधिक वास्तूंशी त्याचे दिसण्याचे ठळक नाते असावे. म्हणजे जुने चर्च, त्याच्या समोरची दगडी सराय आणि मधल्या हिरवळीच्या कोपऱ्यावर बूथ, असे दृश्य असेल तर तो बूथ यादीत जाण्याची शक्यता मोठी. याचा अर्थ कायद्याने वस्तू जपलीच, शिवाय तिची जागाही जपली. तोच बूथ उचलून कोणाच्या बागेत नेला की त्याचे लोखंड तेवढेच राहते आणि वारसा संपतो. एकाच साच्यातून निघालेल्या वस्तूंमध्ये फरक करायचा हा मार्ग मला पटतो. वाड्याची भव्यता जशी त्याच्या आत असते तशी बूथची नसते, ती आजूबाजूला असते.

तरी या निकषात एक उणीव आहे. माळरानावरच्या फाट्यावर एकटा उभा असलेला बूथ यात बसत नाही, कारण त्याच्या आसपास नजरेत भरणारी दुसरी वास्तूच नसते. खरे पाहता तिथेच त्याची गरज सर्वांत जास्त होती. देखण्या चौकातला बूथ राहतो आणि आडवाटेवर ज्याने माणसे वाचवली तो जातो, हे मला न्याय्य वाटत नाही. क्वचित याला अपवाद होतात. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पेनन नावाचे कोळ्यांचे चिमुकले गाव आहे. ‘लोकल हिरो’ या १९८३ च्या चित्रपटात तिथल्या बूथला मोठे काम होते. चित्रीकरणात वापरलेला बूथ खोटा होता, पण लोक लांबून येऊन गावातला खरा बूथ शोधू लागले आणि १९८९ मध्ये त्यालाही संरक्षण मिळाले.

यादीबाहेर राहिलेल्यांना वाचवले ते गावांनी. २००८ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने बूथ दत्तक देण्याची योजना आणली. किंमत एक पौंड. कंपनी आतले टेलिफोनचे यंत्र काढून घेते आणि रिकामा बूथ गावच्या परिषदेच्या किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या हवाली करते. सात हजारांहून जास्त बूथ असे दत्तक गेले. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावाची फिरत्या ग्रंथालयाची गाडी बंद झाली, तेव्हा गावाने बूथमध्ये फळ्या बसवल्या: एक पुस्तक ठेवा, एक घेऊन जा. यॉर्कशायरच्या सेटल गावात बूथचे चित्रदालन झाले. अनेक गावांनी आत डिफिब्रिलेटर ठेवला आहे. हृदयाची लय अचानक बिघडून ते रक्त पुढे ढकलेनासे झाले तर विजेचा झटका देऊन लय पुन्हा जागेवर आणू शकणारे हे यंत्र सामान्य माणसालाही वापरता येते, आणि ते कुठे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असणे फार महत्त्वाचे असते. रात्रीही आत उजेड असलेला, मध्यवर्ती जागेचा लाल बूथ त्याला अगदी योग्य. शेजाऱ्याच्या छातीत कळ आली की लोक आजही पूर्वीसारखेच तिकडे धावतात.

पण यंत्र काढलेला बूथ हा टेलिफोन राहत नाही, आणि टेलिफोनची गरज वाटते तितकी संपलेली नव्हती. मे २०२० पर्यंतच्या एका वर्षात ब्रिटनमधल्या सार्वजनिक फोनवरून आपत्कालीन सेवांना जवळपास दीड लाख फोन गेले. मुलांसाठी असलेल्या चाइल्डलाइनला २५ हजार, आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्सना २० हजार. म्हणून ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२२ मध्ये नवे नियम केले. जिथे तेव्हाच्या चार मोबाइल कंपन्यांपैकी एखादीची जरी रेंज मिळत नसेल, जिथे अपघात किंवा आत्महत्या वारंवार होतात, किंवा जिथून वर्षात किमान ५२ फोन झाले आहेत, तिथला फोन कंपनीला सहजासहजी बंद करता येणार नाही. अशा संरक्षित फोनची संख्या सुमारे पाच हजार धरली होती. रंग कोणता, आराखडा कोणाचा, याचा या नियमांशी संबंध नाही, आणि वारसा यादीचा निकष ज्यांना बाहेर ठेवतो त्या माळरानावरच्या बूथना नेमका याचाच आधार आहे. ब्रिटनचे तांब्याच्या तारांचे जुने जाळे आता मोडीत निघते आहे आणि डिजिटल जोडणीवरचा फोन वीज गेली की मुका होतो. म्हणून वीज गेल्यावरही ९९९ लागावा यासाठी काही बूथमध्ये बॅटरी बसवण्याचीही अट ऑफकॉमने घातली आहे.